शेवटची दोन पानं

सापगाव, ता. शहापूर
५ एप्रिल १९९८

ती. गिरजाताय हिस,
अनिलचा नमस्कार.

मागच्या वेळी पत्र टाइप करून पाठवलं तर तू लिहिलंस, "मी काय तहसीलदार लागून गेले रे, मला अर्ज करतोस?" म्हणून हे हाताने लिहितोय. अक्षर लावून घे. दिवसभर टाइपरायटर बडवून बोटांना पेन धरायची सवय राहिली नाय.

माझं बरं चाललंय. शहापूरला कचेरीच्या भिंतीलगत टेबल आहे तिथेच आहे, छत्री तेवढी नवी घेतली. दाखल्याचे, वारसाचे, रेशनकार्डाचे अर्ज टाइप करतो. खर्डीच्या पलीकडच्या पाड्यांवरून माणसं येतात, त्यांना दुसरी खेप पडू नये म्हणून आधी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही नायतर अंगठा घेऊन ठेवतो, मजकूर मागून सावकाश वर टाइप करतो. तू बघितलंस तेव्हा किती हसली होतीस.

आता कामाचं. परवा एक गिऱ्हाईक कागदपत्रं मासिकाच्या पानात गुंडाळून घेऊन आला. त्या पानावर 'कथामोहर' दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेची जाहिरात होती. कातरून सोबत पाठवतोय. खुला गट, वय अठराच्या पुढे, गोष्ट मोठ्या माणसांसाठी हवी. बालकथा चालणार नाय हे जाड अक्षरात छापलंय, म्हणजे तुझ्या अंगणवाडीतल्या सशांना सुट्टी. विषय दिलाय 'हक्काची जागा'. शेवटची तारीख ३१ मे. पहिल्या तीन गोष्टी अंकात छापणार.

ताय, तू लिहीच. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तू भात भरवताना गोष्ट अर्ध्यावर सोडायचीस, घास गिळला की पुढची सांगायचीस. तुझ्या गोष्टींचा पहिला गिऱ्हाईक मी आहे. तू लिहून पाठव, टाइप करून पोस्टात टाकायचं काम माझं.

बाबांना जाऊन वर्ष झालं, वारसनोंद तेवढी राहिलीय. ती मी बघतो, तू त्यात डोकं घालू नको. भावोजींना नमस्कार.

तुझा,
अनिल


धसई, ता. मुरबाड
१३ एप्रिल १९९८

चि. अनिल यास,
तायचे अनेक आशीर्वाद. माझ्या भावजयीला, पूजालाही सांग.

पत्र पोचलं, जाहिरातही पोचली. ती मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलीय. तुझ्या भावोजींनी बघितली तर कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मुरबाडपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळे होतील.

अरे, मी नि स्पर्धा. माझं लिहिणं म्हणजे अंगणवाडीच्या रजिस्टरची मागची कोरी पानं. पुढून पोरांची वजनं, मागून माझ्या गोष्टी. गेल्या महिन्यात सुपरवायझर बाईंनी रजिस्टर नेमकं उलटं उघडलं. बाई उभ्या उभ्या दोन पानं वाचत राहिल्या नि म्हणाल्या, "पुढं काय झालं?" मी म्हटलं, बाई, पुढं पोलिओचा डोस.

पण खरं सांगू का, विषय वाचला नि मला ओहळाकडचं आईचं खाचर दिसायला लागलं. केवढंसं ते, चार बायका एका दमात भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपवतील. आई गेल्यावर बाबांनी ते मला दिलं, म्हणजे कागदावर नाय, असंच, तोंडाने. "हे गिरजीचं," म्हणाले. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, एक आवणी चुकवली नाय मी. पोटुशी होते तरी येऊन चिखलात उभी राहिले. बाबा म्हणायचे, गिरजीचे पाय लागल्याशिवाय इथं भात धरत नाय. उगाच म्हणायचे, पण मला ते ऐकायला आवडायचं.

यावर लिहिता येईल असं वाटतंय. नाव बदलून, गाव बदलून. बघते. इकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, हाताला धुराचा वास आहे, पत्रालाही येईल.

तुझी ताय,
गिरजा


धसई
४ मे १९९८

चि. अनिल,
अनेक आशीर्वाद.

झाली एकदाची. सोबत चौदा पानं आहेत. एका बाजूला लिहायचं असा नियम आहे म्हणून कागद दुप्पट लागले. तिसऱ्या पानावर डाग पडलाय तो आमटीचा आहे, तो टाइप करू नको.

रंगू नावाची बाई आहे. सासरी सुखात आहे, कुणी मारत नाय, कुणी उपाशी ठेवत नाय. दर आवणीला माहेरी येऊन आईचं एक खाचर लावते, तेवढीच तिची हौस. मग बाप मरतो. भाऊ मी मुद्दाम वाईट केला नाय. गोष्टीतले भाऊ उठसूट दारुडे नि दुष्ट असतात, मला कंटाळा आहे त्यांचा. हा साधा आहे, बहिणीवर जीव आहे त्याचा. बहिणीला वाटा असतो हेच त्याला कधी सुचलेलं नाय. तो हक्क सोडल्याचा कागद घेऊन येतो.

रंगू बाकीच्या सगळ्या जमिनीवर सही द्यायला तयार होते, एवढं एक खाचर सोडून. म्हणते, "हे माझ्या नावावर राहू दे. मला माझ्या घरी पाहुणी म्हणून चहा प्यायला यायचं नाय." भाऊ कागद हातात धरून बांधावर उभा राहतो नि रंगू आवणीला उतरते. इथं संपली.

लिहिताना दोनदा रडले, एकदा हसले. वाचून खरं काय ते सांग. माझी ताय म्हणून उगाच गोड लिहू नको.

तुझी,
ताय


सापगाव
९ मे १९९८

ती. तायस नमस्कार.

काल टेबलावरच वाचायला घेतली. समोर एक म्हातारा दाखल्यासाठी बसला होता, तो मला विचारतो, "साहेब, घरून काय वायट बातमी हाय का?" डोळे पुसत होतो मी. आई चिखलातून वर येते नि रंगूच्या गालाला ओला हात लावते, तिथं मला पुढचं दिसेना. मला आईचा चेहरा आठवत नाय ताय. फोटो एकच, तोही लग्नातला, पदराने अर्धा झाकलेला. तुझ्या गोष्टीत मला ती पहिल्यांदा दिसली. तू खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, इतकं चांगलं मी काय वाचलेलं नाय. हे पान भरलं, कामाचं दुसऱ्या पानावर लिहितो.

एक सुचवू का? शेवट बदल. रंगूने सही करून टाकावी. मोठ्या मनाने सगळं सोडून दिलं असं दाखवलं तर वाचणाऱ्याचं मन भरून येईल. परीक्षक शहरातली शिकलेली माणसं, त्यांना त्याग आवडतो. एका खाचरासाठी भावाला बांधावर उभं करणारी बाई थोडी हट्टी वाटते. तुझं तू बघ, मी आपलं सांगितलं.

दुसरं, स्पर्धेच्या नियमात आहे की कथा स्वतःची आहे असं प्रतिज्ञापत्र जोडायचं. जाहिरातीत जागा कमी म्हणून छापलं नसेल, मी चौकशी केली. तुझ्या नावाने स्टॅम्पपेपर घेतलाय, तो नि एक साधा कागद सोबत पाठवतो. तळाशी पेन्सिलने फुली केलीय तिथे दोन्हीवर सही कर. साधा कागद पोच म्हणून लागतो. वरचा मजकूर मी टाइप करीन, माझ्या नेहमीच्या पद्धतीने. लगेच पाठव, तारीख जवळ आलीय.

तुझा,
अनिल


धसई
१५ मे १९९८

चि. अनिल,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं पान मी तीनदा वाचलं. स्पर्धेत नंबर आला नाय तरी चालेल आता. तुला आई दिसली, माझं काम झालं.

दुसऱ्या पानावर मात्र भांडण आहे. शेवट बदलणार नाय. त्याग कसला रे? बाकी सगळं ती देतेच आहे की, त्याला त्याग म्हणायचं नाय का? का बाईने शेवटची चिंधी सोडली तरच तो त्याग धरायचा? रंगू हट्टी नाय. सगळं सोडून दिलं की तिचं माहेर भावाच्या मर्जीवर राहील. आज मर्जी आहे, उद्या सुनेची असेल, परवा नातवाची. ती भावावर रागावलेली नाय, तिला फक्त कुणाला न विचारता येता यायला हवं. मला कुणी तसा कागद दिला तर मीही रंगूसारखंच करीन. मग तिच्याकडून खोटं कसं वदवू? माझ्या गोष्टीचा शेवट आहे तसाच टाइप कर, एक अक्षर हलवू नको.

कागदांवर सह्या केल्यात, तुझ्या फुलीवर. भावोजी बघत होते. म्हणाले, "अगो, यावर मजकूर कुठंय?" मी म्हटलं, भावाने मागितलाय, मजकूर तो घालील. ते म्हणाले, "कंपनीत आमी कोऱ्या व्हाउचरवरपण सही करत नाय." मी म्हटलं, कंपनी काय तुमची आई नाय, मी अनिलला हाताने भरवलंय.

पोस्टाची पावती जपून ठेव.

तुझी ताय


सापगाव
२८ मे १९९८

ती. तायस नमस्कार.

गोष्ट काल रजिस्टर पोस्टाने गेली. पत्ता तुझा धसईचाच घातलाय. टाइप केलेली सोळा पानं झाली. शेवट तू सांगितलास तसाच ठेवलाय. प्रतिज्ञापत्र जोडलं. आता निकालाची वाट बघ, ऑगस्टअखेर कळवतात.

घाईत आहे. दाखल्यांचा सीझन, टेबलासमोर रांग आहे.

अनिल


सापगाव
१ जुलै १९९८

ती. तायस नमस्कार.

यंदा आवणीला येऊ नको. पूजाला बरं नाय, तुझी नीट व्यवस्था होणार नाय. ओहळाकडचं खाचर या वर्षी पडीक ठेवलंय. मजूर मिळत नाय, नि एक वर्ष जमिनीला विश्रांती दिलेली बरी असं सगळे म्हणतात. पुढच्या वर्षी बघू.

अनिल


धसई
९ जुलै १९९८

चि. अनिल,
आशीर्वाद.

पत्र वाचून काय लिहावं ते कळेना, म्हणून चार दिवस गेले. पूजाला काय झालंय ते लिहिलं नाहीस. मी येऊन तिला दोन दिवस भाकरी करून घातली असती. माझी व्यवस्था? त्या घरात माझी व्यवस्था कधीपासून करायला लागलास तू?

मजूर मिळत नाय म्हणतोस, त्या खाचराला मजूर लागतो कधी? मी नि शेजारची सकुबाई, दुपारच्या आत मोकळ्या होतो. पडीक ठेवायचं तर ठेव बाबा, तू तिथं आहेस, तुला जास्त कळतं. पण मला वाईट वाटलं, ते लपवत नाय. अंगणवाडीतून दोन दिवसांची रजा घेतली होती, ती परत केली.

स्पर्धेचं काही कळलं का? मासिकाला मीच एक कार्ड टाकते. प्रतिज्ञापत्रात काही चूक राहिली असेल तर सांगा म्हणून विचारते.

तुझी ताय


'कथामोहर' मासिक, मुंबई
२४ ऑगस्ट १९९८

सौ. गिरजा गणू देसले यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली 'आईचं खाचर' ही कथा परीक्षकांनी पहिल्या तीन कथांमध्ये निवडली आहे. आपले मनापासून अभिनंदन.

मात्र एक अडचण आहे. पहिल्या चौदा पानांवर तिन्ही परीक्षकांचे एकमत झाले. शेवटची दोन पाने कोणालाच पटली नाहीत. इतके दिवस स्वतःच्या शब्दांत बोलणारी रंगू शेवटी म्हणते, "मी माझा हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कायमचा सोडत आहे." मग ती सही करते आणि तिच्या मनावरचे ओझे उतरते. ही बाई अशी सही करणार नाही असे आम्हाला वाटते, आणि केलीच तरी ती अशी अर्जाच्या भाषेत बोलणार नाही. ही दोन पाने दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखी वाटतात, हे स्पष्ट लिहितो याबद्दल राग नसावा. शेवट पुन्हा लिहून १५ सप्टेंबरपर्यंत पाठवल्यास कथा अंकात घेता येईल.

आपल्या कार्डात आपण स्टॅम्पपेपरवरील प्रतिज्ञापत्राचा उल्लेख केला आहे. स्पर्धेसाठी असा कोणताही कागद आम्ही मागवलेला नव्हता, आणि आपल्या कथेसोबत तो आलेलाही नाही. काही गैरसमज झाला असावा.

आपली,
वसुधा केळूसकर
संपादक


धसई
७ सप्टेंबर १९९८

अनिल,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाय, समजून घे.

मासिकाचं पत्र आलं. त्याची नक्कल सोबत आहे, सावकाश वाच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या गोष्टीबद्दल लिहिलंय. मग ते वाक्य वाचलं, राजीखुशीने, दडपणाखाली न येता. आमच्या घरात असं कोण बोलतं रे? बाबा बोलायचे? आई बोलायची? हे तुझ्या टेबलावरचं बोलणं आहे. तरी मी मनाला समजावलं, पोराला वाटलं असेल तायचा नंबर यावा, म्हणून त्याने शेवट गोड केला. तेवढ्यावर मी तुला माफ करणार होते. रागावले असते, पण माफ केलं असतं.

मग प्रतिज्ञापत्राचं वाचलं. त्यांनी मागितलं नाय, त्यांना मिळालं नाय. मग माझ्या सहीचा कागद गेला कुठं?

शुक्रवारी रजा टाकून शहापूरला आले. तुझ्या टेबलावरून गेले, तू खाली मान घालून टाइप करत होतास. हाक मारली नाय. तलाठ्याकडे गेले, म्हटलं, माझ्या बाबांच्या, नवसू पष्ट्यांच्या वारसाची नोंद बघायची आहे. तो म्हणाला, "झाली की बाय, बहिणीने हक्क सोडला, फेरफारपण मंजूर झाला." नि फाईल उघडून दाखवली. स्टॅम्पपेपर, वर तुझं टाइपिंग, खाली माझी सही. शेजारी तुझी पेन्सिलची फुलीसुद्धा, नीट खोडलीही नाहीस. दुसऱ्या कागदावर लिहिलंय की मला नोटीस मिळाली, माझी हरकत नाय. खाली पुन्हा मी. मी तिथं बाकावर बसून वाचलं, "मी माझा हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता." तेच वाक्य. तू माझ्या रंगूच्या तोंडात नि माझ्या तोंडात एकच घास कोंबलास.

तिथून सापगावला गेले. घरी आले नाय, ओहळाकडे गेले. खाचराला काटेरी तार आहे. सिमेंटचे खांब रोवलेत, मधल्या चिखलात विटा उतरवल्यात. सकुबाई बांधावर भेटली, म्हणाली, "तुला म्हायत नाय गो? मुंबईवाला बंगला बांधतोय. त्याला ओहळ पायजे होता." पूजा तिच्या मागून पाण्याला चालली होती, चांगली ठणठणीत.

सगळ्यात काय लागलं सांगू? तू विचारलं असतंस तर मी काय उत्तर दिलं असतं, हे तुला माहीत होतं. चौदा पानं भरून मीच तुला सांगितलं होतं. बाकी सगळी जमीन देते, हे एक खाचर ठेव. तू रडत रडत ते वाचलंस, नि बहीण या एका तुकड्यावर सही करणार नाय एवढं त्यातून शिकलास. मग पान उलटून मला फुली पाठवलीस.

गिरजा


सापगाव
१६ सप्टेंबर १९९८

ती. तायस,
अनिलचा नमस्कार.

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाय. तू हाक का मारली नाहीस? शिव्या द्यायच्या होत्यास चारचौघांत, मी ऐकून घेतल्या असत्या.

माझंही ऐक. तो माणूस जमीन एकगठ्ठा मागत होता, ओहळाकडचा तुकडा नाय तर काहीच नको म्हणाला. तू बाकीची जमीन दिलीस तरी मला काय उपयोग होता? बारा वर्षं मी भिंतीला टेकून उन्हात बसतोय. पावसाळ्यात छत्री टाइपरायटरवर धरतो, स्वतः भिजतो. मलाही चार भिंतींचं हापीस हवंय. तुझी हक्काची जागा, मग माझी कुठली? तुला घर आहे, भावोजींची नोकरी आहे, मुरबाडला सगळं आहे. वर्षातून दोन दिवस चिखलात उभं राहायला तुला ते खाचर हवं. मी विचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस, हे तूच लिहिलंस. मग कशाला विचारायचं?

नि या गावात कुठल्या बहिणीने सही केली नाय ते सांग. मी स्वतः अशा बहिणींचे कागद टाइप केलेत. कुणी पत्र लिहून भांडली नाय.

शेवट मी बदलला ते खरं. टाइप करता करता वाटलं, गोष्टीत तरी तू खुशीने सही करावीस. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. यात कपट नव्हतं, शपथ घेतो.

कानावर आलंय की तू प्रांताकडे अपील करणार आहेस. करू नको. तो माणूस विसार परत मागेल, मी कुठला देऊ? माझं टेबल कचेरीसमोर आहे, तिथली सगळी माणसं मला ओळखतात, मला तोंड दाखवायला जागा उरणार नाय. नि माझी जुनी पत्रं असतील तर फाडून टाक. विशेष करून मे महिन्यातलं. भावाबहिणीचं बोलणं बाहेर कशाला?

दिवाळी आली. भाऊबीजेला ये. पूजाने सांगितलंय.

तुझाच,
अनिल


धसई
५ ऑक्टोबर १९९८

अनिल,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी दोन कामं हातावेगळी करायची होती.

पहिलं काम गोष्टीचं. शेवटची दोन पानं मी पुन्हा लिहिली नाय. रजिस्टरच्या मागे होती ती काढली, जशीच्या तशी उतरवून मासिकाला पाठवली. केळूसकर बाईंचं उत्तर आलं, "हीच ती रंगू." अंक पंधरा तारखेला निघतोय. शहापूरच्या स्टँडवर मिळेल, घेऊन वाच. तुझ्या शेवटात रंगूच्या मनावरचं ओझं उतरतं म्हणे. ते कुणाचं होतं ते तुझ्या पत्रातून मला कळलं.

दुसरं काम अपिलाचं. गेल्या आठवड्यात दाखल केलं, भावोजी बरोबर होते. तू लिहितोस, मी स्वतः अशा बहिणींचे कागद टाइप केलेत. बारा वर्षं झाली तुझ्या टेबलाला. त्यातल्या किती जणींनी आधी फुलीवर सही केली नि मागून मजकूर आला, ते तू तुझ्याशी मोज. मी तुझ्या त्या पद्धतीला हसले होते, त्याची मला लाज वाटते.

तुझ्या उन्हाचं नि छत्रीचं मी वाचलं. खोटं नाय ते, मला दिसतं. तू एकदा धसईला येऊन ओट्यावर बसून म्हणाला असतास की ताय, मला हापीस हवंय, तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, नि मग काय केलं असतं ते मलाच माहीत नाय. ते मला कधीच कळणार नाय आता. ते तू माझ्याकडून घेतलंस, जमिनीच्या आधी.

पत्रं फाडली नाय. तुझी सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत, तू चौथीत असताना माझ्या सासरी पाठवलेलं पहिलं कार्डसुद्धा, ज्यात तू लिहिलंस की ताय लवकर ये, शेजारची वहिनीआजी भाताला मीठ घालत नाय. ती मी ठेवणार. फक्त नऊ मेचं पत्र अपिलाला लावलं. त्याच्या दुसऱ्या पानावर सगळं आहे, स्टॅम्पपेपर, साधा कागद, फुली, "माझ्या नेहमीच्या पद्धतीने". तुझ्याच हाताने लिहिलेलं. टाइप केलं असतंस तर मला सिद्ध करायला कठीण गेलं असतं.

मी फक्त ते दुसरं पान देणार होते. पहिलं घरी ठेवणार होते, आई दिसली ते. पण कारकून म्हणाला, "पत्र अर्धं चालत नाय बाय, दोन्ही पानं लावा." खूप सांगितलं त्याला, ऐकेना. मग तिथंच बाकावर बसून पहिलं पान वहीत उतरवून घेतलं नि दिलं. त्याने दोन्ही पानांवर शिक्का मारला, एकावर चौदा आकडा घातला, दुसऱ्यावर पंधरा.

भाऊबीजेला पाट मांडू नको, मी येणार नाय. पूजाला सांग, राग तिच्यावर नाय.

आल्यापासून ते उतरवलेलं पान मी रोज वाचते. म्हाताऱ्याने विचारलं, साहेब, घरून काय वायट बातमी हाय का, तिथं पोचले की थांबते. तू तेव्हा खरंच रडत होतास का, एवढंच मला हवं होतं. पण ते सांगू शकेल असा तू एकटाच आहेस, नि तुझ्या शब्दावर मी आता सही करत नाय.

गिरजा